खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा

...नाही, मला एक सांगा, माझ्याकडे टेप ड्राइव्ह असेल असं माझ्या तोंडावरून वाटतं का? टेप ड्राइव्ह म्हणजे ते कपाटाएवढं धूड हो, गरागरा चक्रं फिरतायत, समोर पांढरा डगला घातलेला माणूस हातात वही घेऊन उभा... आणि हे मला विचारतंय, “टेप ड्राइव्हची सोय करू का?” नाही म्हटलं. तर लगेच पुढचं. “बरं, मग एकीला एक जोडलेल्या सोळा डिस्का असतील, त्यांची सोय करू?” अहो, सोळा कुठल्या? एकटा माणूस मी, माझ्याकडे चमचे सोळा नाहीत! नाही. “बरं, मग अमक्या कंपनीचं कार्ड?” नाही. “तमक्या कंपनीचं? कंपनी बुडाली, पण म्हटलं तुमच्याकडे असलं एखादं...” नाही हो, नाही! तुम्हाला सांगतो, सकाळी नऊला चहा घेऊन बसलो, साडेअकरा झाले, चहावर जाड साय धरली, आणि मी आपला नाही, नाही, नाही... चारशे बारावा प्रश्न होता तो. मोजत होतो मी. दुसरं काय करायचं?

पण विचारतंय बिचारं!

हसू नका. ह्या घरात मला शेवटचा प्रश्न कुणी विचारला होता, सांगू? त्याच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी. कुरिअरवाल्याने. “इथं सही कराल का?” केली. मोठ्या झोकात केली, खाली दोन टिंबं दिली. आणि पार्सल कुणाचं? वरच्या मजल्याचं! ते घरी नव्हते म्हणून माझ्याकडे. संध्याकाळी वरची बाई आली, म्हटलं आता दोन शब्द बोलेल, तर दारातूनच “थँक्यू हं काका” आणि पार्सल घेऊन जिना चढायलासुद्धा लागली. मी म्हणणार होतो, जड आहे, वर आणून देऊ का... राहिलं.

तर हे कोण विचारतंय, ते सांगायचं राहिलं. कर्नल. लष्करातला नव्हे, कॉम्प्युटरच्या पोटात बसलेला प्रोग्राम, तिथला मुख्य कारभारी. तुम्ही बटण दाबलंत की हा आधी उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. आणि ड्रायव्हर म्हणजे काय, तर दुभाषी. डिस्कची भाषा वेगळी, माउसची वेगळी, प्रिंटरची तर प्रिंटरलाच कळत नाही. प्रत्येकासाठी एकेक दुभाषी हाताशी लागतो. तुम्ही बाजारातून कॉम्प्युटर आणता तेव्हा हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं असतं. पण कर्नल आपल्या हाताने बनवायचा म्हटलं की बसा! तो एकेका दुभाष्याचं नाव घेतो आणि विचारतो, हा हवा का? हो, नाही, का एम? नऊशे प्रश्न! आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात सल्ला असतो, “खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा.” वाचून मला इतकं बरं वाटलं... अहो, मी आयुष्यभर हेच केलंय! सहलीला येता का? नाही. व्यासपीठावर बसता का? नाही. चार वर्षांपूर्वी आमची ही गेली, तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, आमच्याकडे राहायला येता का?” खात्री नव्हती हो. नाही म्हटलं. तिने परत विचारलं नाही. कर्नलसुद्धा एकदा नाही म्हटलं की परत विचारत नाही.

हां, तर कर्नल बनवायची अवदसा मला का आठवली? तर लेकीचा फोन! ती राहते चार तासांवर. चार तास म्हणजे काही लांब नाही, असं आम्ही दोघंही फोनवर एकमेकांना सांगतो. मागच्या खेपेला आली त्याला अकरा महिने झाले, दीड तास बसली, त्यातला अर्धा तास फोनवर होती. तर गेल्या आठवड्यात फोन आला, तोही आपणहून, आणि वारही रविवार नाही! मी घाबरूनच उचलला. म्हटलं, “काय झालं? बरी आहेस ना?” तर म्हणते, “बाबा, मी लहानपणी बातम्या द्यायचे आठवतंय? घरातल्या? तुमच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे मी. अहो, माझ्या लेकीला खोटंच वाटतंय. ते आहे का अजून?” मी म्हटलं, आहे! असणारच! मी काही टाकत नाही. “मग सुरू होतोय का बघा ना. झाला तर मी येऊन घेऊन जाते.”

येऊन घेऊन जाते! ऐकलंत ना तुम्ही? दोन्ही शब्द आहेत त्यात. मी पहिल्यावर अडकलो.

काढला कॉम्प्युटर माळ्यावरून. पुसला. बटण दाबलं. पंखा गरगरला, दिवा लागला, पुढे काही नाही. कारण हा कॉम्प्युटर सुरू करायची एक सीडी होती. डिस्क जोडलेली एका विचित्र कार्डाला, हौस माझी, त्या कार्डावरून कॉम्प्युटर आपणहून उठत नाही, त्यामुळे कर्नल त्या सीडीवर ठेवलेला. आणि सीडी कुठे? तर गेली सहा वर्षं मी तिच्यावर चहाचा कप ठेवतोय! मधोमध भोक आहे, गोल आहे, कप छान बसतो... पालथी करून पाहिली, चांदी सगळी खरवडून गेलेली. बरं, डिस्कमध्ये सगळं आहे, पण डिस्कशी बोलणारा कारभारीच नाही.

गेलो दुरुस्तीवाल्याकडे. डिस्क पिशवीत घालून, वर टॉवेल गुंडाळून. त्याने ती उलटी केली, सुलटी केली, मागच्या पिना पाहिल्या आणि काय म्हणाला? “काका, हिला लागणारी वायर माझ्या बापानेसुद्धा पाहिली नसेल.” म्हटलं, मग? “मग काय, चुंबक चांगलं निघतं आतून.” चुंबक! माझी लेक आहे हो तिच्यात, आठ वर्षांची... आणि हा चुंबक काढतोय! टॉवेल गुंडाळला आणि परत आलो. म्हटलं, मीच बनवतो. पूर्वी बनवायचोच की. त्या काळात रोज उठून तेच करायचो.

म्हणून नऊशे प्रश्न. लेकीनेच दिलेला तिचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर बसलो. दमतो तो, पण चालतो. आणि खरं सांगू? मजा येत होती हो! “ह्या घरात फ्लॉपी आहे का?” आहे बाबा, एक आहे, पण चालत नाही. “मग नाही म्हणू?” म्हण. “वायरलेस?” नाही. “नेटवर्क?” त्या खोलीत वायर पोचत नाही, नाही. “पेनड्राइव्ह लावाल का?” आता हा प्रश्न बरा होता, म्हटलं, लावीन, हो. “जॉयस्टिक?” अहो, अडुसष्ट वय माझं! पण विचारतंय बिचारं! वय बघत नाही, कंटाळत नाही, घड्याळाकडे बघत बघत हो हो करत नाही. मी मोठ्याने उत्तरं द्यायला लागलो होतो. खिडकीतून समोरचा गृहस्थ बघत होता, त्याला वाटलं असेल पाहुणे आलेत. वाटू दे.

आणि मग आला तो प्रश्न. पाचशे अठ्ठ्याऐंशी. माझ्या डिस्कचं कार्ड! तेच, विचित्र! नाव वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. इतक्या नकारानंतर कुणीतरी ओळखीचं भेटलं. आता इथे काय म्हणायचं? हो! लहान मूलसुद्धा हो म्हणेल. पण मी शहाणा ना! हो म्हटलं की तो दुभाषी कर्नलच्या पोटातच जाऊन बसतो, कायमचा. नाही म्हटलं तर नाही. आणि एम म्हटलं तर मॉड्यूल, म्हणजे त्याला बाजूला ठेवून द्यायचं, लागला की हाक मारायची. जागा वाचते, सुटसुटीत राहतं. म्हटलं, कशाला उगाच घरभर माणसं! एम. दाबला एम. मी स्वतः एमच आहे, लेकीच्या घरचा. तिच्याकडे कुणी आजारी पडलं, सांभाळायला कुणी नसलं, की हाक येते, मी पिशवी भरतो. काम झालं की परत आपल्या जागी. तक्रार नाही माझी, पद्धत सांगतोय फक्त.

तीन तास लॅपटॉप तापत होता. संध्याकाळ झाली, सीडी बनली, कॉम्प्युटरमध्ये घातली, बटण दाबलं. आणि कारभारी उठला! अहो, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या, मेमरी सापडली, कीबोर्ड सापडला, घड्याळ सापडलं, मी टाळ्या वाजवल्या, एकट्याने... आणि थांबलं. शेवटच्या ओळीत काय? “डिस्क सापडत नाही. मी घाबरलो आहे.” खरंच असं लिहितो तो! इंग्रजीत लिहितो, पण शब्द तोच, घाबरलो आहे. आणि घाबरला की कारभारी जागच्या जागी गोठतो. काय करावं, ते त्यालाच कळत नाही.

तो घाबरला ते ठीक, पण मी? मी त्याच्याहून जास्त घाबरलो हो. म्हटलं, संपलं. डिस्क गेली. वीस-बावीस वर्षं माळ्यावर होती, उन्हाळे पावसाळे खाल्ले, गेली असणार. वायरी काढल्या, घातल्या, कार्ड फुंकलं, खोडरबरने पिना घासल्या. परत लावलं. “घाबरलो आहे.” दुसऱ्या दिवशी परत. “घाबरलो आहे.” अरे, मला सांगतोस काय? मी कुणाला सांगू? लेकीला काय सांगायचं? तिचा आवाज होता, सांभाळायला माझ्याकडे होता, तेवढंही जमलं नाही. आणि दुसरं सांगतो, ते जास्त खरं आहे. तो कॉम्प्युटर सुरू झाला नाही, तर तिला यायचं काही कारणच उरत नाही. ते कारण गेलं म्हणून मी बसलो होतो डोक्याला हात लावून.

तिसऱ्या दिवशी दाढी करताना उजेड पडला. अर्ध्या गालाला फेस. अरे गाढवा! म्हणजे मला म्हणालो मी, तुम्हाला नाही. त्या दुभाष्याला बाजूला ठेव म्हणालास, पण बाजूला म्हणजे कुठे? तो ठेवलेला कुठे असणार? डिस्कवर! आणि डिस्कशी बोलायला लागतो कोण? तोच! म्हणजे कारभारी दारात उभा राहून म्हणतोय दार उघडा, आणि दार उघडणारा आत कुलपात. डिस्क ठणठणीत होती हो! वेडा मी होतो. तसाच फेस घेऊन नाचलो न्हाणीघरात.

आता गंमत ऐका. कर्नल तुमची सगळी उत्तरं जपून ठेवतो. फक्त त्या एका ठिकाणी जायचं, एमचा हो करायचा, बाहेर पडायचं. दोन मिनिटांचं काम. मी काय केलं असेल? मी पहिल्यापासून सुरुवात केली. नऊशेच्या नऊशे. मुद्दाम! आता ह्याला वेड म्हणा, काही म्हणा... गुरुवार होता, घरात कुणी यायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. “टेप ड्राइव्ह आहे का?” म्हटलं, नाही रे बाबा, परवा सांगितलं ना? “सोळा डिस्का?” नाही, अजून एकच. विचारतंय बिचारं, तर द्यावीत उत्तरं. पाचशे अठ्ठ्याऐंशीला मात्र मी सावरून बसलो, चष्मा पुसला आणि ठणकावून ‘हो’ म्हटलं.

आणि सुरू झाला! सापडली डिस्क! आत फोल्डर, फोल्डरवर नाव ‘घरवार्ता’, आत दोनशे सहा बातमीपत्रं. स्पीकर लावले. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं. आणि मग तो आवाज...

“नमस्कार! घरवार्तामध्ये आपलं स्वागत आहे. आजच्या ठळक बातम्या. आईचा हरवलेला चष्मा सापडला, तो आईच्याच डोक्यावर होता. हवामान. आई सकाळपासून ढगाळ आहे, दुपारी गडगडाटाची शक्यता.” अहो, मी हसतोय, हसतोय, डोळ्यांतून पाणी! “आता एक विशेष वृत्त. बाबा सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसलेले आहेत. आमच्या वार्ताहराने त्यांना तीन वेळा विचारलं, बाबा, बातम्या ऐकायला येता का? त्यांनी तिन्ही वेळा ‘पाच मिनिटं’ असं उत्तर दिलं. आता ते अंघोळीला गेले असल्यामुळे हे बातमीपत्र शक्य झालं आहे. बाबा परत येण्याची चिन्हं दिसत असल्याने आम्ही इथेच थांबतो. नमस्कार.” आणि पाठीमागून तिच्या आईचा आवाज, लांबून, “काय गं, कुणाशी बोलतेस?” तर लेक म्हणते, “कुणाशी नाही.”

दुसरं लावलं. बाबा कॉम्प्युटरसमोर. तिसरं लावलं. बाबा कॉम्प्युटरसमोर. लेकीच्या बातम्या रोज बदलतायत, आईचा चष्मा, भिंतीवरची पाल, शाळेतलं भांडण, पडलेला दात. माझी एकच बातमी, तीच, रोज! मी करत काय होतो तिथे? आठवतंय मला. हेच करत होतो. हा ड्रायव्हर हवा का? नाही. तो? हो. त्याला उत्तरं देत होतो मन लावून, आणि ही दारात उभी राहून विचारत होती. विचारत होती बिचारी... आणि मी पाच मिनिटं, पाच मिनिटं. दोनशे सहा बातमीपत्रं दिली तिने आणि श्रोता एकही नाही. मी आत्ता ऐकली. सगळी. शुक्रवारचा अख्खा दिवस लागला, मधे जेवायचं राहिलं.

शनिवारी सकाळी फोन केला तिला. म्हटलं, सापडलं! दोनशे सहा! केवढी ओरडली! “बाबा, तुम्ही ग्रेट आहात!” मी मनात पडदे धुवायला काढलेसुद्धा. आणि पुढचं वाक्य काय? “मग मेल करून टाका ना.”

मेल करून टाका. म्हटलं, त्या कॉम्प्युटरला नेटवर्क नाही. खरंच नव्हतं! “मग पेनड्राइव्हवर घ्या आणि कुरिअर करा. उगाच कशाला मी येऊ आणि तुम्हाला त्रास?” मला त्रास! आता इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, पेनड्राइव्ह चालत नाही गं ह्याला. संपला विषय. पण तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं वीजमीटर तपासण्यात गेली माझी, काटा दाखवेल तेच लिहायचं, एक आकडा इकडेतिकडे नाही. खोटं जिभेवर येतच नाही. आणि पेनड्राइव्ह चालत होता, मीच हो म्हटलं होतं त्याला! मी म्हटलं, “बघतो. संध्याकाळी सांगतो.”

फोन ठेवला. लॅपटॉप उघडला. तो प्रश्न शोधला. “पेनड्राइव्ह लावाल का?” खाली सल्ला होताच, खात्री नसेल तर... पण ह्या वेळी मला पुरेपूर खात्री होती. नाही! दाबलं ‘नाही’. तीन तास परत लॅपटॉप तापला, नवी सीडी बनवली, कॉम्प्युटर सुरू केला, पेनड्राइव्ह खुपसून पाहिला. ढिम्म! ओळखही दाखवली नाही त्याने. तेव्हा कुठे जिवाला शांतता लाभली. बरोबर साडेचारला फोन केला आणि अगदी ताठ मानेने, खऱ्याखुऱ्या आवाजात सांगितलं, “ह्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह चालत नाही गं. तुला यावंच लागेल. स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड करायचं, दुसरा इलाजच नाही.”

मग ती म्हणाली, “बाबा, सकाळी चालत होता का?”

आता काय करता? काटा दाखवेल ते. म्हटलं, “हो.”

“मग?”

“काढला.”

“कुणी?”

“मी.”

“किती वेळ लागला काढायला?”

“तीन तास.”

मला वाटलं हसेल. चिडेल तरी. तर नाही. मग म्हणाली, “येते उद्या सकाळी. माझ्या लेकीलाही आणते. संध्याकाळच्या गाडीने निघावं लागेल पण.” म्हटलं, चालेल, चालेल, कितीही वाजता नीघ. आणि फोन ठेवता ठेवता म्हणते, “बाबा, ‘ये’ म्हणायला दोन सेकंद लागतात हो.”

खरं आहे तिचं. पण तिला कसं सांगू... तीन तासांचं काम मला येतं हो. ते दोन सेकंदांचं कधी जमलंच नाही.